विझला, विझला!

कासहून परतताना, यवतेश्वरच्या घाटात, ऐन तिन्हीसांजेला चहासाठी थांबलो आणि माझ्या कॅम्परचा आठवड्यातला चौथा फ्यूज उडाला. जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग, ओटा आणि सहा दिवे बसवून घेतलेत. हौस माझीच, त्यामुळे बायकोकडे बघायची सोय नाही.

सहा दिवे मिळून 18 वॅटचे. लाल, 10 अँपिअरचा फ्यूज, बारा व्होल्टला 120 वॅट पेलणारा. म्हणजे दिवे निर्दोष; वायरच कुठंतरी बॉडीला टेकलीय. एवढं मला कळतं. पण गाडीच्या इलेक्ट्रिशियनने आत डोकावून ‘हे घराचं काम’ म्हणून पिटाळलं, घरच्या वायरमनने ‘हे गाडीचं’ म्हणून. गाडी बांधणाऱ्याने प्लसलाही लाल वायर घातलीय, मायनसलाही लाल. आता तो फोन उचलत नाही. पैसे घ्यायच्या दिवशी मात्र सकाळी सातलाच दारात हजर होता.

एसटीची वाट बघणारे एक आबा पिशवी सावरत जवळ आले.

“काय झालं पाव्हणं?”

“फ्यूज उडतोय.”

“मग तार घाला की. आमच्या डीपीत बोटाएवढी घातलीय. सगळ्या शिवाराच्या मोटारी चालत्यात.”

“वायर जळेल, आबा. फ्यूज वायरला वाचवायला असतो.”

“आन् फ्यूजला कोण वाचवायचं?”

यावर काय बोलणार? मी फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडला. आतले दिवे बंद ठेवायचे. शॉर्ट आहे तोवर बल्ब पेटतो, सुटला की विझतो, आणि फ्यूज फुकट जात नाहीत. बल्ब लख्ख पेटला.

“लागली की लाईट!” आबा खूश.

“हा पेटलाय म्हणजे फॉल्ट आहे, आबा.”

“आन् इझला की?”

“विझला की दुरुस्त.”

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. दोन पावलं मागं सरकले आणि हळूच बायकोला म्हणाले, “पोरी, कधीपास्नं हाय हे असं?”

“लग्नापासून,” ती म्हणाली. गरज होती का?

मी चिडून एकेक पट्टी हलवत मागच्या दारापर्यंत पोचलो. तिथं काळी बाहुली. गाडी म्हटली की लिंबू-मिरची, घर म्हटलं की बाहुली. आईने पूजेच्या दिवशी दोन्ही लावायला लावलं. बाहुलीचा दीड इंची स्क्रू मीच मारलेला. प्लायमधून, लाल वायरमधून, थेट पत्र्यात. (तरी त्या वायरी प्लायमागं मोकळ्या सोडणाऱ्याला मी सोडणार नाही.)

स्क्रू उपसला.

“विझला! विझला!” मी अंधारात ओरडलो.

आबा फोनवर होते. “न्हाय, यस्टी न्हाय आली अजून. हितं एक जण लाईट गेली म्हणून नाचतुया.”