'दहावीनंतरचे ९० दिवस' पाठवणाऱ्यांना उत्तर

माझ्या बहिणीची मुलगी अकोल्यात असते. मार्चमध्ये तिचा दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरच्या ग्रुपवर एका काकांनी तो मेसेज टाकला : 'दहावीनंतरचे ९० दिवस – घडाल किंवा बिघडाल!' तुमच्याकडेही आला असेल. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरही येऊन गेला.

ज्यांच्या नशिबी तो आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही सुट्टी म्हणजे आयुष्य घडवण्याची शेवटची संधी. पहाटे चारला उठा, मग योगासनं, इंग्रजी, कोडिंग, डायरी, असं घड्याळाला बांधलेलं वेळापत्रक. कुठलीही सवय २१ दिवसांत लागते, पण एक दिवस जरी खाडा झाला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. रोज एक टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल. दहा हजार तास दिले की कुणीही तज्ज्ञ होतो. न्यूटनने प्लेगच्या सुट्टीत विज्ञान बदललं, बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुम्ही? मोबाइल फेका. रिकामं डोकं म्हणजे सैतानाचं घर. खाली एका क्लासचा नंबर, आणि 'दहा पालकांना नक्की पाठवा'.

भाचीने ते मनावर घेतलं. चौकटी आखून, रंगीत पेनांनी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. आठवडा व्हायच्या आत घरी पाहुणे आले आणि एक दिवस बुडाला. तिने नियमाप्रमाणे पुन्हा 'दिवस १' लिहिला. मग पुन्हा एकदा. शेवटी फोनवर म्हणाली, "मावशी, माझ्यात विलपॉवरच नाहीये गं. मला साधे एकवीस दिवस जमत नाहीत." वर्षभर शाळा, क्लास, सराव परीक्षा करून बोर्डाचे पेपर देऊन आलेली मुलगी एका फॉरवर्डच्या जिवावर स्वतःला नालायक ठरवून बसली. म्हणून हा खटाटोप.

आधी ते एकवीस दिवसच घेऊ. यादीतल्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी नुसत्या हास्यास्पद आहेत, ही मात्र मुलांच्या मनाला लागते.

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किंवा पाय कापावा लागलेल्या रुग्णाला तो पाय अजून आहे असं वाटणं थांबायला किमान एकवीस दिवसांच्या आसपास लागतात, असं त्यांनी आपल्या रुग्णांकडे बघून १९६० च्या एका पुस्तकात लिहिलं. एवढंच. पुढे तोंडातोंडी 'किमान' गळालं, रुग्ण गळाले, नाक गळालं, आणि उरलेले एकवीस दिवस अकोल्याच्या फ्रिजवर येऊन चिकटले.

सवय लागायला किती दिवस लागतात हे नीट मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये 'युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी'त छापून आला. ९६ जण, १२ आठवडे. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच गोष्ट निवडायची आणि ती रोज घडणाऱ्या एका प्रसंगाला जोडायची. दुपारच्या जेवणाबरोबर फळ, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं, असं काहीतरी. मग रोज नोंद करायची की आज केलं का, आणि ते कितपत आपोआप झालं.

आकडे असे : सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना याहून जास्त लागले असा मधला आकडा, ६६. सगळ्यात लवकर लागली ती १८ दिवसांत. सगळ्यात रेंगाळलेल्याला २५४ दिवस लागतील असा हिशेबाने काढलेला अंदाज, कारण बारा आठवडे संपले तरी त्याची सवय बसलीच नव्हती. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला साधारण दीडपट वेळ लागला. आता एकवीस दिवसांत पहाटेचं उठणं, योगासनं, इंग्रजी, कोडिंग आणि डायरी असं सगळं एकदम लागायला हवं म्हणणाऱ्याने हे आकडे पुन्हा वाचावेत.

माझ्या भाचीसाठी यापेक्षा महत्त्वाची गोष्ट त्याच अभ्यासात पुढे आहे. अधूनमधून एखादा दिवस हुकला तर काय होतं, हेही त्यांनी पाहिलं. म्हणण्यासारखं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी माणूस जिथे होता तिथून पुढे गेला. म्हणजे 'पुन्हा दिवस १' हा नियम कुणीतरी बसल्या बसल्या काढलेला आहे, आणि अत्यंत दुष्ट आहे. बारा दिवस नेमाने केलेलं पोर तेराव्या दिवशी आत्याच्या घरच्या साखरपुड्याला गेलं, तर हा नियम त्याचे बारा दिवस पुसून टाकतो. असं दोन-तीनदा झालं की कुठलंही शहाणं माणूस नाद सोडेल. मग आपण म्हणायचं, हल्लीच्या मुलांत चिकाटी नाही.

त्या ९६ जणांचं काम बऱ्यापैकी जमलं त्यामागे 'एक गोष्ट, एक प्रसंग' ही अट होती असं मला वाटतं. शाळेच्या दिवसांत मुलांचा दिवस असंख्य खुंट्यांवर टांगलेला असतो : रिक्षावाल्या काकांचा हॉर्न, प्रार्थनेची घंटा, मधली सुट्टी, संध्याकाळचा क्लास. अभ्यास यातल्याच कुठल्या तरी खुंटीला अडकवलेला असतो, म्हणून होतो. परीक्षा संपली की या सगळ्या खुंट्या एका दिवसात निघतात. आणि आपण त्या मुलाला घड्याळाचे अकरा काटेकोर आकडे देतो, जे त्याच्या घरात घडणाऱ्या कशालाच जोडलेले नाहीत. चार वाजता घरात काय घडतं? काहीच नाही. पण सकाळचा नाश्ता सुट्टीतही होतो. दुपारचा चहा होतो. संध्याकाळी देवाजवळ दिवा लागतो. भाचीला मी एवढंच म्हटलं की तुला आवडेल ते एक घे आणि यातल्या एकाला जोड. तिने चहानंतर चित्र काढायचं ठरवलं. जमतंय का, हे विचारायला मी रोज फोन करत नाही.

आता 'पहाटे चार'. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची शिफारस आहे की १३ ते १८ वयाच्या मुलांनी दिवसाला ८ ते १० तास झोपावं. चारला उठायचं आणि किमान आठ तास झोपायचं, तर रात्री आठला अंथरुणात शिरायला हवं. एप्रिल-मे महिन्यात रात्री आठला मराठी घरात काय चालू असतं हे सांगायला हवं का? साडेसातला आयपीएलची मॅच सुरू झालेली असते आणि कुकरची शिट्टी अजून व्हायची असते. त्यात या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, मुलांना झोप येते उशिरा. ते आळशी म्हणून नव्हे. मुलांच्या झोपेपायी आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. म्हणजे शासनालासुद्धा जे कळलं ते ग्रुपवरच्या काकांना अजून पोचायचंय.

हां, एक मान्य करते. अकोल्यात मे महिन्यात दुपारी बारानंतर डोकं चालत नाही, अंगही चालत नाही. सकाळचेच काय ते चार तास कामाचे. लवकर उठण्यात तिथे शहाणपण आहेच. पण ते उन्हामुळे, आणि सहाला उठूनही ते साधतं. शिवाय ब्रह्ममुहूर्ताची दुहाई देणाऱ्यांसाठी : मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि ब्रह्ममुहूर्त सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी सुरू होतो. सूर्य सहाला उगवत असेल तर ४:२४. म्हणजे फॉरवर्ड त्याच्याही आधी उठवतो.

'रोज एक टक्का' यावर फार वेळ घालवत नाही. १.०१ चा ३६५ वा घात ३७.७८ येतो, गणित बरोबर आहे. पण ते चक्रवाढ व्याजाचं गणित आहे आणि माणूस म्हणजे मुदत ठेव नव्हे. आज दहा सूर्यनमस्कार घालणारा या हिशेबाने वर्षाने ३७८ घालेल. ठीक, घालतात काही लोक. दोन वर्षांनी त्याला रोज चौदा हजारांवर घालावे लागतील. एकाला दहा सेकंद धरले तरी जवळजवळ चाळीस तास होतात, आणि दिवस चोवीस तासांचाच आहे.

दहा हजार तासांचं तर लिहिणाऱ्याने स्वतः गणितही केलेलं नाही. नव्वद दिवसांत मुळात २,१६० तास असतात, झोप धरून. दहा हजारांचा आकडा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ मधल्या, बर्लिनच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासातून आला. सर्वांत चांगल्या गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांच्या घरात होता. सरासरी म्हणजे त्यातले कित्येक जण त्याच्या खाली. तिथे पोचलं की तज्ज्ञ होतोच असं एरिक्सननी म्हटलेलं नाही, उलट या लोकप्रिय अर्थावर त्यांनी पुढे आक्षेपच घेतला. आणि याच अभ्यासातली एक गोष्ट कुणीच फॉरवर्ड करत नाही : ते उत्तम वादक बाकीच्यांपेक्षा जास्त झोपायचे, दिवसाला साडेआठ तासांच्या आसपास, त्यात दुपारची डुलकी धरून. वामकुक्षीचा एवढा भक्कम पुरावा हाताशी असताना आपण मुलांना पहाटे चारला उठवतोय.

थोरामोठ्यांच्या नावांचा वापर मला सगळ्यात जास्त खटकतो. न्यूटन १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद झालं म्हणून वूल्सथॉर्पला आईच्या घरी गेला, तिथे मोठं काम केलं, हे खरं. पण तो तेव्हा पदवीधर होता, १६६४ पासूनच गणितात बुडालेला होता, आणि घरची शेतीवाडी त्याच्या जिवावर चालत नव्हती. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत पूर्ण होऊन छापायला १६८७ उजाडलं. प्लेगच्या सुट्टीनंतर दोन दशकं. फॉरवर्डमध्ये ही वीस वर्षं कापून टाकलीत.

आणि बाबासाहेब. त्यांच्या अभ्यासाच्या तासांबद्दल शंका घ्यायची माझी लायकी नाही, तो आदर्शच आहे. पण त्यांचं नाव घेऊन सुट्टीतल्या मुलाला टोमणा मारणाऱ्याने ते तास कशातून आले हे तरी वाचावं. १९१३ मध्ये ते अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या मुदतबंद शिष्यवृत्तीवर. मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. त्या माणसाकडे मोकळा वेळ नव्हताच. प्रत्येक दिवसाचा खर्च होता आणि तो कधी बंद पडेल याची खात्री नव्हती. असा माणूस ग्रंथालय बंद होईपर्यंत बसतो यात नवल नाही. त्याच्या त्या निकडीची तुलना कूलरखाली लोळणाऱ्या पोराशी करून त्या पोराला काडीचा फायदा होत नाही, आणि बाबासाहेबांचाही मान राहत नाही.

मोबाइल. बरं, हे अर्धं खरं आहे, आणि कबूल करताना मला फार आनंद होत नाहीये. रील्स बघत दुपारची संध्याकाळ होते, हे मी घरात बघते. पण 'फेका' म्हणणं सोपं. दहावी झालेल्या मुलीच्या मैत्रिणी आता वेगवेगळ्या कॉलेजांत पांगणार, अकरावीच्या प्रवेशाची माहितीही फोनवरच येणार. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा एवढं म्हटलं तर पटण्यासारखं आहे, आणि पाळण्यासारखंही. एमएस-सीआयटी करा, टायपिंग शिका, पोहायला जा, या मेसेजमधल्या सूचनाही वाईट नाहीत. आमच्या वेळेपासून लोक ते करत आलेत, कुणाचं आयुष्य 'घडलं' नाही तरी टायपिंग कामाला आलं.

राहता राहिलं रिकामं डोकं. ही ओळ लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की सुट्टीत मुलं रिकामीच असतात. मुलगे असतील. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका-मुली त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं निघालं. पुरुषांपैकी जे असं काम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, शेवया, पापड घालायचे असतात, सुट्टीला आलेली चुलत भावंडं सांभाळायची असतात, नळ येईल तेव्हा पाणी भरायचं असतं, आणि 'परीक्षा झाली ना, आता काय काम तुला' म्हणून हाक कुणाला जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या भाचीचे बुडालेले दिवस मी तिला विचारून पाहिले. एक पाहुण्यांच्या स्वयंपाकात गेला, एक वाळवणात. पुढच्या वर्षी हे वेळापत्रक पुन्हा पाठवायची हौस येईल, तेव्हा त्यात पाणी भरायची आणि गच्चीवरच्या कुरडया उलटायची ओळ आधी घाला, ती मुलाच्या नावापुढेही घाला, आणि मग पहाटे चारचं काय ते बोला.