आत्या, आधी गोळी घे! (‘जगात कुठल्याही दोन गोष्टी सारख्या नसतात’ या फॉरवर्डला उत्तर)

मधे एका रविवारी आत्याकडे गेलो होतो. सहज म्हणून बीपीचं मशीन लावलं तर १७०/१०२. परत लावलं, १६८. म्हटलं आत्या, गोळी चालू आहे ना? तर पोह्यांवर खोबरं भुरभुरत शांतपणे म्हणाली, "बंद केली की, पंधरा दिवस झाले. ती आधीची नाहीये रे, जेनेरिक आहे ती." आणि फोन पुढे केला.

फोनमधे जे होतं ते तुमच्याकडेही आलं असणार. "विज्ञानाने सिद्ध केलेले सत्य! जगात कोणत्याही दोन गोष्टी सारख्या नसतात!!" खाली कमळं, हात जोडलेले, आणि सात मुद्दे. थोडक्यात असे: बर्फाचे दोन कण सारखे नसतात, दोन माणसांचे ठसे सारखे नसतात, लायब्निझ नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने हे सिद्ध केलं, त्याच्या कितीतरी आधी कणाद ऋषींनी सांगितलं, कुठलाही कलाकार तेच चित्र दोनदा काढू शकत नाही, प्रत्येक अणूचं स्वतःचं वेगळं कंपन असतं, आणि शेवटी झेप: "म्हणूनच व्यक्ती तितक्या प्रकृती! मग जेनेरिक गोळी खऱ्या गोळीसारखी कशी असेल? विचार करा!"

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. एरवी असल्या गोष्टींना अंगठा दाखवून पुढे जातो, पण घरातलं माणूस गोळ्या सोडून बसलं की अंगठा पुरत नाही. क्रमाने जाणार नाही, काही मुद्द्यांची तेवढी लायकीच नाही.

बर्फाचं एका दमात उरकतो. अमेरिकेत व्हर्मॉंटमधे विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता, १८८५ पासून त्याने मायक्रोस्कोपखाली बर्फाच्या कणांचे पाच हजारांवर फोटो काढले आणि दोन सारखे मिळाले नाहीत म्हणाला. मिळाले नाहीत आणि असूच शकत नाहीत यात फरक आहे की नाही? अमेरिकेतल्याच कॅल्टेक विद्यापीठातले केनेथ लिब्रेक्ट लॅबमधे एकाच हवेत दोन कण शेजारी शेजारी वाढवतात आणि ते जुळ्या भावांसारखे दिसतात. मोठा फांद्याफांद्यांचा कण कोट्यवधी वळणं घेत वाढतो म्हणून दुसरा तसाच होणं जवळपास अशक्य, हे कबूल. पण ते फांद्यांबद्दल झालं. फांदी ज्या पाण्याच्या रेणूंची बनते त्यांच्याबद्दल नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ठशांचं पण अर्धंच. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात असं समजून चालायला हरकत नाही, पण कोर्टात प्रश्न तो नसतोच. प्रश्न असतो की हा अर्धवट, पुसट डाग या बोटाचा आहे का. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरच्या ठशावरून एफबीआयने अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या एका वकिलाला पकडला, ठसा शंभर टक्के त्याचाच म्हणून. ठसा दुसऱ्याच माणसाचा आहे हे स्पेनच्या पोलिसांनी शोधलं तेव्हा त्याला सोडला आणि माफी मागितली. बोट जगात एकच असेल हो, बघणारा चुकतो.

आता लायब्निझ. याने "सिद्ध" बिद्ध काही केलं नाही. गोष्ट गमतीची आहे मात्र. हॅनोव्हरजवळ हेरेनहाउझेनची बाग, राजघराण्यातली सोफी तिथे होती, एक दरबारी गडी म्हणाला तंतोतंत सारखी दोन पानं मी शोधून दाखवतो, आणि बराच वेळ बागेत धावपळ करून रिकाम्या हाताने परत आला. लायब्निझने ही गोष्ट पुढे क्लार्क नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाला लिहिलेल्या पत्रात वापरलीय. पण त्याचा खरा युक्तिवाद पानांवर नाही, देवावर आहे: दोन गोष्टी सर्व बाबतीत सारख्या असत्या तर एक इथे आणि दुसरी तिथे ठेवायला देवाकडे काही कारणच राहिलं नसतं, आणि देव कारणाशिवाय काही करत नाही. पटलं तर पटलं. १९५२ मधे मॅक्स ब्लॅक नावाच्या तत्त्वज्ञाने यावर साधी कल्पना मांडली, की समजा अख्ख्या विश्वात फक्त दोन लोखंडी गोळे आहेत, एकाच मापाचे, एकाच धातूचे, दुसरं काहीच नाही. एकाबद्दल जे म्हणाल ते दुसऱ्याबद्दलही खरं. तरी गोळे दोनच! भांडण अजून मिटलेलं नाही, आणि यांच्या फॉरवर्डमधे "सिद्ध".

इथेच मराठीत आपल्याकडे असलेले दोन शब्द कामाला येतात. "सारखं" आणि "तेच". माझ्या आणि शेजाऱ्याच्या स्टीलच्या वाट्या सारख्या आहेत, पण त्याची वाटी माझ्याकडे आली तर बायको म्हणते ही ती नाही. वाटी सारखी, वाटी तीच नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे दोन शब्द मिक्सरमधे घातलेत, सगळा घोळ तिथून.

कणादांच्या मुद्द्यावर मला खरंच राग आला, कारण त्यांच्या वैशेषिक दर्शनात नेमकं उलटं आहे. त्यावर भाष्य लिहिणाऱ्या प्रशस्तपादांनी जे मांडलंय ते असं: पृथ्वीचे दोन परमाणू, गुण सारखे, जात एकच, तरीही योग्याला ते दोन वेगळे आहेत हे कळतं. कशावरून? तर प्रत्येक परमाणूत एक "विशेष" असतो, तोच त्याला दुसऱ्यापासून वेगळा करतो. याच "विशेष"वरून दर्शनाचं नाव पडलं म्हणतात. आता डोकं लावा. परमाणू आधीच गुणांनी वेगवेगळे असते तर या वेगळ्या "विशेष"ची गरजच काय होती? गुणांवरून फरक करता येत नाही म्हणून तर तो आणावा लागला. म्हणजे "सारखे आहेत, पण तेच नाहीत" हे कळलेली माणसं होती ती. आणि त्यांच्या नावावर काय खपवतायत, तर गोळी घेऊ नका.

आता सहावा मुद्दा, "प्रत्येक अणूचं वेगळं कंपन". हा सगळ्यात मोठा मूर्खपणा आहे आणि यावर मी थांबणारे.

वेगळं कंपन असतं तर आपल्याला सेकंद मोजता आला नसता. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम-१३३ च्या अणूवरून आहे, त्यातल्या एका ठरावीक प्रारणाची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद. दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत सीझियमची घड्याळं आहेत, पॅरिसजवळ आहेत, अमेरिकेत आहेत. कुठल्या खाणीतलं सीझियम ते कुणी विचारत नाही. याच्या उलट माणसाने घडवलेल्या वस्तू बघा. किलोग्रॅमचं मूळ वजन प्लॅटिनम-इरिडियमचं, पॅरिसजवळ सेव्रमधे तीन झाकणांखाली ठेवलेलं, त्याच्या प्रती देशोदेशी (५७ नंबरची दिल्लीला). जगात इतक्या काळजीने सारख्या केलेल्या वस्तू दुसऱ्या नसतील, तरी शंभर वर्षांत मूळ आणि प्रती यांच्यात साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. शेवटी २० मे २०१९ पासून त्या ठोकळ्याला निवृत्त केला. म्हणजे हाताने घडवलेलं सारखं राहत नाही, हे अर्धसत्य देऊन टाकतो. पण अणू कुणी हाताने घडवत नाही.

"पण खोलात गेलं तर काहीतरी सूक्ष्म फरक असेलच ना सर?" हे मला दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतं, आणि उत्तर आपल्याच माणसाने दिलंय. १९२४ मधे ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनला एक छोटा लेख पाठवला. आइन्स्टाइनने स्वतः जर्मनमधे भाषांतर करून तो छापवून आणला. त्यात मोजणीची एक पद्धत आहे. समजा दोन नाणी उडवली. छापा-छापा, काटा-काटा, छापा-काटा, काटा-छापा, असे चार प्रकार, म्हणून दोन्ही एकसारखी पडायची शक्यता निम्मी. आता नाणी अशी समजा की "हे पहिलं, ते दुसरं" असं म्हणायलाच काही अर्थ नाही. मग छापा-काटा आणि काटा-छापा हा एकच प्रकार झाला, प्रकार उरले तीन. बोस यांच्या हिशोबात तिन्ही समान, म्हणून दोन्ही एकसारखी पडायची शक्यता दोन तृतीयांश! खऱ्या नाण्यांना हे लागू नाही, ती कितीही सारखी दिसली तरी एकावर नजर ठेवता येते. पण प्रकाशाच्या कणांना बोस यांची मोजणी लावली की तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचं प्लांकचं सूत्र अचूक येतं. साधी मोजणी लावली की येत नाही. म्हणजे कणांत लपलेला एखादा "विशेष" असेलही कुणाच्या मते, निसर्ग मोजताना तो धरत नाही. १९९५ मधे अमेरिकेत बोल्डरला रुबिडियमचे अणू जवळपास शून्य केल्विनपर्यंत, म्हणजे त्याखाली तापमान जाऊच शकत नाही तिथवर, थंड केले तेव्हा दोनेक हजार अणू मिळून एकच असल्यासारखे वागले, तेही याच मोजणीमुळे. अणू थोडे थोडे वेगळे असते तर हे घडलंच नसतं.

(आयसोटोपचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचा, मुद्दा काढणारे काढतील. हो, दर शंभरात एखादा कार्बन-१३ असतो, तो कार्बन-१२ पेक्षा जड. पण एक कार्बन-१२ आणि दुसरा कार्बन-१२ यात फरक सांगून दाखवा.)

कलेचा मुद्दा. "कलाकार तेच चित्र दोनदा काढू शकत नाही." रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने १९५७ मधे मुद्दाम तेच केलं, फॅक्टम एक आणि फॅक्टम दोन अशी दोन चित्रं, तेच फोटो, तेच रंगाचे ओघळ, शेजारी ठेवून फरक शोधत बसावं लागतं. फरक आहेत, आहेतच. पण अँडी वॉरहॉल या कलाकाराने १९६४ मधे न्यूयॉर्कच्या गॅलरीत ब्रिलो साबणाच्या खोक्यांसारखी लाकडी खोकी रचली, तेव्हा आर्थर डँटो नावाच्या तत्त्वज्ञाला प्रश्न पडला की दुकानातलं खोकं आणि हे खोकं डोळ्यांना सारखंच, मग हे कला आणि ते साबणाचं खोकं कसं काय? त्याचं म्हणणं, फरक खोक्यात नाही, खोक्याभोवतीच्या गोष्टीत आहे. कुणी केलं, कुठे ठेवलं, का. कलेत हे चालतं, चालायलाच पाहिजे. पेणच्या एकाच साच्यातल्या दोन मूर्तींपैकी आपल्या घरी आली तीच आपली असते. गोळीतल्या रेणूला मात्र भोवतालची गोष्ट नसते. तो कुठल्या कंपनीत बनला हे त्याला माहीत नाही आणि आत्याच्या रक्तवाहिन्यांनाही नाही.

म्हणजे सातवा मुद्दा संपला असं मी आत्याला म्हणालो. आणि मग तिने दोन्ही स्ट्रिप समोर ठेवल्या आणि माझी जरा पंचाईत झाली.

जुन्या स्ट्रिपवर एस-अम्लोडिपिन २.५. नवीनवर अम्लोडिपिन ५. "हे बघ, दुप्पट आहे. सारखी म्हणे!"

इथे कबूल करायला पाहिजे, आत्याची शंका फॉरवर्डपेक्षा हुशार होती. कारण या दोन गोळ्या खरंच सारख्या नाहीत. काही रेणूंना डावा-उजवा हात असतो, आरशातल्या प्रतिमेसारखे, सगळे अणू तेच, जोडणी तीच, पण डाव्या हातात उजवा मोजा जात नाही तसं. पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपाचा वास यामागे एकच रेणू आहे, कार्व्होन, फक्त हात वेगळा. साध्या अम्लोडिपिनमधे दोन्ही हात निम्मे निम्मे असतात आणि बीपी उतरवण्याचं काम एकच हात करतो. एस-अम्लोडिपिन म्हणजे फक्त तो कामाचा हात. म्हणून पाचातलं अडीच कामाचं, आणि तिकडे अडीचच्या अडीच कामाचं. डॉक्टरांनी बदलून लिहून दिलं होतं ते हिशोब करूनच. फक्त तिला कुणी सांगितलं नाही, आणि जिथे कुणी काही सांगत नाही तिथे फॉरवर्ड सांगतो.

अजून एक देऊन टाकतो. गोळी म्हणजे नुसता रेणू नसतो, त्यात स्टार्च असतं, रंग असतो, गोळी किती वेळात विरघळते हे असतं, आणि हलक्या दर्जाची औषधं आपल्याकडे पकडली जातात हे पेपरात येतं. पण ब्रँडेड पण पकडली जातात हो! तो दर्जाचा प्रश्न आहे. विश्वात दोन गोष्टी सारख्या नसतात याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पाच मिलिग्रॅममधे अम्लोडिपिनचे रेणू सातावर अठरा शून्यं इतके भरतात, आणि त्यातल्या कामाच्या हाताचा प्रत्येक जण महागड्या स्ट्रिपमधल्यासारखंच काम करतो. शंका असेल तर डॉक्टरांना स्ट्रिप दाखवा, बदलून मागा, भांडा, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेलं, गोळी चालू झाली. दहा दिवसांनी फोन आला, १४०/८८. पुदिना आणि बाळंतशेप दोन्ही हुंगून झालं होतं. मग म्हणाली, "एक सांग. आईच्या पाटल्या मोडून तुझ्या लेकीला बांगड्या करायच्या म्हणत होते. सोन्याचे पण अणू सगळे सारखेच का?"

म्हटलं हो, सोन्यात तर आयसोटोपचीही भानगड नाही, निसर्गात एकच सापडतो. आजीच्या पाटल्यांतलं आणि सराफाकडचं, अणूला अणू सारखा.

"म्हणजे पाटल्या त्याच राहतील?"

सोनं सारखंच राहील आत्या. पाटल्या त्या राहणार नाहीत.

"मग नाही मोडत," म्हणाली, आणि फोन ठेवला.