चाळीस वॉल्यूम

गेल्या शनिवारी मला न मागता सीनियर सिटिझनची सवलत मिळाली. एक डॉलर बारा सेंट. माझं वय ५१ आहे. पावती अजून पाकिटात आहे. फेकवत नाही आणि बघवतही नाही.

दुकान होतं केसांच्या सामानाचं आणि मी तिथे गेलो होतो हरणाच्या कवटीसाठी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये डिसेंबरात यात चमत्कारिक काहीच नाही, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्या कन्येनं यंदा नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या शिकारीच्या मोसमात, शेजाऱ्यांच्या कुटुंबाबरोबर जाऊन, आठ टोकांच्या शिंगांचा नर पाडला. अंगात भगवं जाकीट. त्यामागे भक्ती नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला आपण हरीण वाटू नये एवढाच हेतू. ज्या घरात माझ्या आजोबांनी ऑम्लेटसाठी पडवीत वेगळा स्टोव्ह ठेवायला लावला होता, त्या घरात हे. इथल्या हरणांत २००२ पासून मेंदू पोखरणारा एक रोग सापडतो. तो उकळूनही मरत नाही, म्हणून घशाच्या गाठी आधी तपासायला दिल्या. अहवाल चांगला आला. मांसाचे सॉसेज झाले. डोकं उरलं.

तिला त्याचं 'युरोपियन माउंट' हवं होतं. म्हणजे काचेच्या डोळ्यांचं, पेंढा भरलेलं मुंडकं नव्हे. तसली जनावरं शाळेच्या सहलीत कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये बघून मी दोन रात्री आईजवळ झोपलो होतो. हे म्हणजे नुसती पांढरीशुभ्र कवटी, शिंगांसकट, लाकडी फळीवर. करून देणाऱ्यानं दीडशे डॉलर सांगितले. मी म्हणालो, "हॅ! घरी करू." यातलं 'करू' हे अनेकवचन होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी परीक्षा आहे म्हणून वसतिगृहात निघून गेली आणि क्रियापद एकवचनी झालं.

कवटी साफ करायच्या तीन रीती आहेत. एक, मांस खाणारे किडे पाळायचे. संग्रहालयांत तेच करतात. बायको म्हणाली, रव्यातले आहेत तेवढे पुरेत. दोन, कोमट पाण्याच्या बादलीत महिनाभर कुजू द्यायची. बाहेर उणे दहा असताना कुजणार काय, कुल्फी झाली असती. उरली तिसरी, पाण्यात धुण्याचा सोडा टाकून मंद आचेवर शिजवायची.

यातला 'मंद आचेवर' हा भाग मी वगळला. गॅरेजच्या दारात गॅसची शेगडी मांडली, शिंगांना प्लास्टिक गुंडाळलं (ती पाण्यात गेली तर त्यांचा रंग उतरतो) आणि गणपतीत दीडशे माणसांची आमटी होते तो सांगलीहून आणलेला ॲल्युमिनियमचा टोप चढवला. सोडा आणि ॲल्युमिनियम यांचं जमत नाही, हे नववीच्या रसायनशास्त्रात होतं. टोप आतून काळाठिक्कर पडला. बायको बाहेर आली, टोपाकडे बघितलं, कवटीकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही शिंगं दर हिवाळ्यात आपोआप गळतात ना? मग दोन महिने थांबून नुसती शिंगं वेचून आणली असतीत तर?"

याला उत्तर नसतं. मी "अगं, ते सारंग कुळ..." असं काहीतरी सुरू केलं. म्हणजे शिंगं गाळणारे ते सारंग आणि जन्मभर तीच बाळगणारे ते कुरंग. पण ती आत गेली होती.

रटरटा उकळल्यामुळे नाकाची दोन पातळ हाडं सुटली. ती डिंकानं चिकटतात, त्याचं काही नाही. खरा हादरा पुढेच होता. कवटी बाहेर काढली तर वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत! एकही नाही. पडले टोपात, असं समजून मी ते सगळं पाणी, ज्याचं वर्णन मी जेवायची वेळ बघून टाळतो, चहाच्या गाळण्यातून गाळलं. पाऊण तास. बॅटरी तोंडात धरून. त्यात सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. काय करतोयस म्हणाली. सांगितलं.

"अरे गाढवा," आई म्हणाली, "गाईला असतात का वरचे पुढचे दात? म्हशीला असतात? मग हरणाला कुठून येतील? बारावीपर्यंत गोठ्याशेजारी राहिलास ना तू?"

गाळणं टाकून दिलं. मेंदू तारेच्या हँगरनं कसा काढला, ते आईलाही सांगितलेलं नाही.

आता पांढरं करणं. ब्लीच चालत नाही, त्यानं हाडाचा खडू होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं असतं. केसांचा रंग उतरवायला वापरतात ते 'चाळीस वॉल्यूम' म्हणजे बारा टक्के, आणि शिवाय क्रीम, त्यामुळे ओघळत नाही. म्हणून ते दुकान.

आता माझं वर्णन करणं आलं. माझ्या डोक्यावर, म्हणजे डोक्याच्या कडेला, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मागून जाणारी एक झालर आहे. बाकी २००९ पासून मोकळं मैदान. न्हावी पैसे मात्र पूर्ण डोक्याचे घेतो. यावर मी एकदा वाद घातला तेव्हा तो म्हणाला, शोधायला वेळ लागतो. असो.

काउंटरवरची मुलगी विशीची, अर्धे केस जांभळे. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, त्यामुळे तिनं मला नक्की काय म्हटलं ते सांगता येत नाही. मी आपला 'तुम्ही' धरून चालतो.

"काय हवंय, सर?"

"चाळीस वॉल्यूम. क्रीम."

तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग सभ्यपणे माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"तुम्हाला स्वतःलाच?"

"छे, छे. घरी. घरी लावायचंय एकाला."

"चाळीस फार जहाल असतं, सर. टाळूला लागलं तर भाजतं. वीस देऊ?"

"टाळूलाच लावायचंय."

तिचा हात कपाटाशी थांबला. "केसांचा मूळ रंग कोणता?"

"तपकिरी."

"आणि आत्ता?"

"आत्ता नाहीत."

"नाहीत?" आता तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखा मऊ झाला. "आजारपण का? सॉरी हं. कसे गेले?"

मी खोटं बोलण्यात मुळातच कच्चा. घाबरलो की तर खरं फारच थोडक्यात बोलतो.

"उकळले," मी म्हणालो.

माझ्यामागे रांगेत एक आजीबाई होत्या. त्यांनी आपली टोपली छातीशी धरली. मग मात्र मी एका दमात सगळं सांगून टाकलं. हरीण, डोकं, टोप, बायको, परीक्षा.

"अच्छा, कवटी होय!" मुलीनं सुटकेचा श्वास सोडला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "आणखी एक हरीणवाला आलाय गं! मोठा डबा आण!"

आणखी एक! मी सहा मिनिटं चोरासारखा उभा होतो आणि इथे हरीणवाल्यांसाठी डबा वेगळा काढून ठेवलेला. शिवाय तिचे वडील दरवर्षी दोन कवट्या करतात, असं कळलं. त्यानंतर तिनं माझी तोंडी परीक्षा घेतली.

"उकळलंत म्हणता. खदखदून?"

"थोडंसं."

"नाक सुटलं?"

"सुटलं."

"मग सुटणारच." हे तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं. "पिवळं कुठे दिसतंय? शिंगांच्या बुडाशी?"

"हो, आणि कपाळावर."

"ते तेल आहे. उकळलं की चरबी हाडात मुरते. तेल काढल्याशिवाय क्रीम लावलंत तर आज पांढरं दिसेल आणि उन्हाळ्यात परत पिवळं. तेलकट केसांवर कधी रंग बसतो का?"

मला काय ठाऊक? पण मी मान डोलावली. १७ व्हिडिओ पाहून मी जे करत होतो त्यात काय चुकलं, ते तिनं डबा पिशवीत घालता घालता सांगितलं. भांडी घासायचा पातळ साबण, कोमट पाणी, कवटी त्यात बुडवून ठेवायची, वर तवंग आला की पाणी बदलायचं, तवंग यायचा थांबेपर्यंत. तीन आठवडे धरून चाला. पाणी कोमट ठेवायला मासे पाळतात त्या टाकीचा हीटर.

"किती टोकांचं?" आता आजीबाईंनी तोंड उघडलं.

"आठ."

"वा! कुठून मारलंत? झाडावरून?"

"मी नाही. मुलीनं."

"ओ," आजीबाई म्हणाल्या.

"ओ," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "म्हणजे तिनं मारलं," आजीबाई हिशेब जुळवल्यासारख्या म्हणाल्या, "आणि तुम्ही धुताय." त्यांनी माझ्या दंडावर दोनदा थोपटलं. मला परक्यांनी थोपटलेलं आवडत नाही. पण खरं सांगू का, २२ वर्षांत या गावात पहिल्यांदाच कुणी "तुम्ही मूळचे कुठले?" हे न विचारता माझ्याशी पाच मिनिटं बोललं होतं. मी हरीणवाला होतो, बस. डोळ्यांत पाणी वगैरे यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात पावती आली. खालून दुसऱ्या ओळीत, वजा एक डॉलर बारा सेंट.

"हे काय?"

"सीनियर डिस्काउंट, सर," ती गोड हसून म्हणाली. "मी लावून टाकला."

लावून टाकला! विचारलं नाही, जन्मसाल नाही, काही नाही. पुण्याच्या बसमध्ये ज्येष्ठांच्या सीटवर पोरं कानात बोंडं घालून झोपेचं सोंग घेतात, खरोखरच्या म्हाताऱ्यांना उठून जागा देत नाहीत. इथे माझ्या डोक्यावर परस्पर नऊ वर्षं लादली आणि वर हसून. बरं, भांडावं तर कशासाठी? "माझे पैसे जास्त घ्या" म्हणून? मागे त्या आजीबाई, ज्यांना कदाचित खरंच सवलत लागू होती, कौतुकानं बघताहेत. मी "थँक यू" म्हणालो. हेच मला जास्त लागलं आहे.

कवटी आता कपडे धुवायच्या खोलीत बादलीत आहे. शिंगं दोरीनं नळाला बांधलीत, हीटर चालू, वर रोज सकाळी रश्श्यासारखा तवंग. बायको तिथे डोळे मिटून जाते आणि नवीन टोपाची लिंक मला दिवसाआड पाठवते. मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, झालं का?" मी म्हटलं, तीन आठवडे. ती म्हणाली, एवढा वेळ लागतो?

काल दुसरा डबा आणायला गेलो. घाईत पहिला मीच उघडा ठेवला होता. जांभळी मुलगी नव्हती, एक पोरगेलासा मुलगा होता. त्यानं ११ डॉलर २० सेंट सांगितले. मी जरा थांबलो. माझ्या डोक्यावर बरोबर वर ट्यूबलाइट होती, ती त्याला दिसावी असा उभा राहिलो. काही झालं नाही.

"सीनियर डिस्काउंट नाही का?" मी शेवटी विचारलं.

त्यानं ओळखपत्र मागितलं. बघितलं, परत दिलं आणि म्हणाला, "साठ लागतात, सर."