रानमूग तर आम्हाला आधीच माहीत होता!

पश्चिम घाटात नवी वनस्पती सापडल्याची बातमी आली की एक मेसेज हमखास फिरतो. गुराख्याला माहीत असलेल्याच वेलीला साहेब लोक लॅटिन नाव देतात, तेही स्वतःचंच. सगळा खेळ डीएनएचा. आणि उपयोग शून्य.

गुराख्याला वेल माहीत असते, हे खरंच. पण तो जिला रानमूग म्हणतो ती एकच जात असेल असं नाही. मुगाच्या गोतातली व्हिग्ना यादवी घ्या. 2014 साली महाराष्ट्राच्या पश्चिम घाटातून तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. वरवर पाहिलं तर ती आधीपासून ठाऊक असलेल्या व्हिग्ना डाल्झेलियानासारखीच. मोठा फरक आहे तो मातीखाली. हिच्या काही फांद्या सरळ जमिनीत शिरतात आणि तिथेच कळ्या धरतात. त्या कधी उमलत नाहीत. मिटल्या कळीतच परागण होतं आणि शेंग धरते. भुईमूग आठवला ना? पण भुईमुगाचं फूल वर उमलतं, मग आऱ्या मातीत उतरतात. इथे फूलच अंधारात. वेल नुसती विळ्याने कापून आणली असती, तर तिची खरी ओळख रानातच राहिली असती. शिवाय बिया दोन तऱ्हेच्या, फुलाच्या निदलपुंजावर, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीवर, लव. 'नवी' याचा अर्थ एवढाच, की तिला वेगळी काढून कुणी वर्णन केलं नव्हतं.

स्वतःचं नाव? शिष्टाचार नेमका उलटा आहे. 'यादवी' हे नाव कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रा. एस. आर. यादव यांच्यावरून दुसऱ्यांनी दिलं. शास्त्रीय नावापुढे वर्णन करणाऱ्यांची नावं जोडतात, गोंधळ बहुधा तिथे होतो. याच गोतातली खंडालेन्सिस खंडाळ्याची, सह्याद्रियाना सह्याद्रीची. नाव लॅटिन धाटणीचं लागतं. वर्णन मात्र 2012 पासून इंग्रजीतही चालतं.

डीएनएची तर सक्तीच नाही. सक्ती आहे ती नमुन्याची. दाबून वाळवलेली वेल हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवावी लागते, म्हणजे उद्या कुणालाही ती काढून तपासता येते. वाळकं फूल गरम पाण्यात मऊ करायचं, पाकळ्या सुईने सोडवायच्या आणि जुन्या शीटांशी ताडून बघायचं. मुंबईत सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या जागा त्यासाठीच असतात. यातही चुका होतात. 'नवी' म्हणून गाजलेली जात पुढे जुनीच निघते आणि नाव बाद होतं. मेसेजवाल्यांनी हा मुद्दा काढला असता तर मी मान डोलावली असती.

राहिला उपयोग. डब्यातल्या मुगाला भोकं पाडणारा भुंगेरा घरोघरी ओळखीचा. मादागास्करच्या रानमुगाचा टीसी 1966 हा नमुना या किड्याला दाद देत नाही, म्हणून पैदासकारांनी तो संकरासाठी वापरला. व्हिग्ना यादवीत असं काही दडलंय, असा माझा दावा नाही. पण ते तपासायला बी मागवायचं तर पाकिटावर नाव काय लिहिणार, रानमूग?