मला काही होत नाही, शहर मरतं

सुपरमॅन व्हायचं हे माझं जुनं स्वप्न, आणि ते व्हिडिओ गेमच्या डिस्कवर मिळतंय म्हटल्यावर मी विचारबिचार केला नाही. खरं तर करायला हवा होता. 'सुपरमॅन रिटर्न्स' सिनेमा आला २००६ च्या जूनमध्ये, त्याच्यावरचा गेम त्याच्यासोबतच यायचा होता तो रखडत रखडत नोव्हेंबरात उगवला, सिनेमाची डीव्हीडी आली तेव्हा. म्हणजे नाटक संपलं, प्रेक्षक घरी गेले, आणि मग हीरो विंगेतून विचारतोय, एंट्री घेऊ का? समीक्षकांनी धुतला होताच, पण मी म्हटलं यांना काय कळतंय.

उडायला मात्र मजा येते हां, ते खोटं नाही बोलणार. पहिली वीस मिनिटं मी नुसता ढगात होतो. मग खाली कुणीतरी मारामारी सुरू केली आणि माझ्या लक्षात आलं की मी मरतच नाही. कितीही बडवा, आपण ठणठणीत. आता सुपरमॅनला काही होत नाही तर गेममध्ये हरायचं कसं, हा प्रश्न बनवणाऱ्यांना पडला असणार, आणि त्यांनी काढलेलं उत्तर असं की किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी सुपरमॅनला द्यायचीच नाही, ती द्यायची अख्ख्या मेट्रोपोलिसला. शहर मोडलं की तुम्ही हरलात. मी जगातला सगळ्यात ताकदवान माणूस व्हायला आलो होतो, आणि माझी नेमणूक झाली वॉचमन म्हणून.

शेजारी भाचा बसलेला. मी एका व्हिलनवर वरून झेप घेतली, तो जरासा बाजूला सरकला, मी सरळ रस्त्यात, उठलो, रागाने समोरची गाडी उचलून फेकली, ती त्याला सोडून बाकी सगळ्याला लागली. पट्टी खाली. मग डोळ्यातून आग सोडली तर नेम चुकला आणि पट्टी अजून खाली.

"मामा, तू सुपरमॅन आहेस ना?"

"हो रे."

"मग हे सगळं कोण तोडतंय?"

मी म्हटलं कॅमेरा नीट फिरत नाहीये, जे आपण सगळेच अशा वेळी म्हणतो.

मग आला बिझारो. हा सुपरमॅनचा उलटा अवतार, आणि गेम मध्येच तुम्हाला बिझारो बनवून सांगतो की आता वेळ संपायच्या आत जमेल तेवढं शहर फोडा. बस्स! मी तेच केलं जे आत्तापर्यंत करत होतो, त्याच चुकलेल्या झेपा, त्याच गाड्या, तोच नेम, आणि आता त्याचे मार्क मिळायला लागले. भाचा उभा राहून टाळ्या वाजवत होता. "मामा, आता कसलं भारी खेळतोयस!" एवढं कौतुक मला सुपरमॅन असताना एकदाही मिळालं नव्हतं.

शेवटी काय, तर वादळ. खरंच, शेवटचा शत्रू म्हणून एक टोर्नाडो. सिनेमात लेक्स लुथरसारखा टकला, चीड आणणारा व्हिलन आहे, आणि मला इथे वाऱ्याशी भांडायला लावलं. ठोसा मारायला त्याला तोंड तरी कुठंय! वादळ शमलं तेव्हा जिंकल्यासारखं वाटलंच नाही, पाऊस थांबल्यासारखं वाटलं.

त्यानंतर एवढ्या मोठ्या शहरात करायला उरलं काय, तर मांजरीची पिल्लं शोधणं. शंभर आहेत. मी तासभर गच्च्या आणि गल्ल्या पालथ्या घातल्या, सात सापडली, आठव्याच्या मागे जाताना एका बिल्डिंगला धडकलो.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "परत बिझारो हो ना."