झाडाची झोप आणि माझी तार

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी शेजारच्या अप्पांनी मला त्यांच्या झाडाची एक फांदी नाकारली. कारण दिलं, "झाडाला त्रास होईल." महिना होत आला, अजून डोक्यातून जात नाही.

मागणी काय होती? एक बारीक तार, माझ्या रेडिओचा अँटेना. तिच्या टोकाला चिनी मातीचा छोटा इन्सुलेटर, त्याला दोरी आणि दोरी फांदीला. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओच्या, ८० मीटर बँडवर (लहरींची लांबी साधारण तेवढी) बोलायचं तर अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, म्हणजे दोन सरळ भुजांचा तारेचा अँटेना, सुमारे ४० मीटर लांब होतो. माझं अंगण, पाण्याच्या टाकीवरून नजर वळवून मोजलं तरी, तिरकं २२ मीटर. १६० मीटर बँडचं नावच काढू नये. त्या डायपोलचं एक टोक माझ्या गच्चीवर बांधलं तर दुसरं चौथ्या घराच्या न्हाणीघरात निघेल.

टेपचं दुसरं टोक धरायला अप्पा स्वतःहून आले होते. कुंपणाला टेकून उभे राहिले आणि चौकशी सुरू झाली.

"एवढी तार कशाला?"

"बोलायला."

"कोणाशी?"

"जो ओ देईल त्याच्याशी."

"म्हणजे ओळखीचा नाही?"

"बहुतेक नाही."

"मग बोलणार काय?"

"तुमचा आवाज मला कसा येतोय, हे मी सांगणार."

"आणि तो?"

"माझा आवाज त्याला कसा येतोय, ते."

अप्पांनी टेप खाली ठेवला. "आणि मग?"

"मग सेव्हंटी-थ्री म्हणायचं. म्हणजे शुभेच्छा. आणि पुढचा माणूस शोधायचा."

"त्याला काय सांगणार?"

मी गप्प. आवाज कसा येतोय हेच सांगणार होतो. खरं तर रेडिओवरची स्पर्धा असली की तेवढंही खरं नसतं. आवाज खरवडून काढावा लागला तरी सगळे सगळ्यांना 'फाइव्ह-नाइन'च, म्हणजे स्पष्ट आणि दणदणीत, देतात. हे अप्पांना सांगितलं असतं तर टेप परत मिळाला नसता.

"अरे, मोबाइल आहे ना तुझ्याकडे?" शेवटी ते म्हणालेच. हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय. नदीत गळ टाकून बसलेल्याला बाजारात मासळी मिळते हे कोणी सांगायला जातं का? जात असतील. अप्पा नक्की जात असतील.

आणि मग ती फांदी. "नको रे, झाड म्हातारं आहे. रात्री त्याला शांतता लागते."

हे झाड खोडापासून शेंड्यापर्यंत एलईडीच्या माळांनी गुंडाळलेलं आहे. निळा, हिरवा, लाल, मग तिन्ही रंग एकदम फडफडतात, मग पुन्हा निळा. संध्याकाळी सातपासून.

बिनतारीवाल्या मार्कोनीचं बरं होतं. १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर त्याने सुमारे १५० मीटर तार सरळ पतंगाला बांधली आणि अटलांटिकपलीकडचा सिग्नल ऐकू आल्याचं जाहीर केलं. पतंगाच्या झोपेची काळजी करणारं तिथे कोणी नव्हतं.

मग मी पर्याय चाळत बसलो. अंगणाच्या मधोमध एक खांब, दोन्ही बाजूंना उतरती तार, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही: टोकं तरीही कुंपणाबाहेर. शिवाय दहा मीटरवर टांगलेला ८० मीटरचा डायपोल बराचसा सरळ वरच बघतो. आसपासच्या मुलखात छान ऐकू जातो, लांबच्या देशांच्या वाट्याला उरलंसुरलं. मॅग्नेटिक लूप, म्हणजे छोट्या कड्यासारखा अँटेना, बाल्कनीत मावतो, पण या बँडवर लहान लूप बरीचशी शक्ती तापण्यातच घालवतो, कपॅसिटरवर हजारो व्होल्ट चढतात आणि फ्रिक्वेन्सी जराशी हलवली की पुन्हा ट्यूनिंग. एक हॅम मित्र म्हणाला, "माझ्याकडे एसडब्ल्यूआर सगळीकडे एकास एक आहे, तेच घे." म्हणजे अँटेनाकडून शक्ती परत फिरत नाही. चाचणीला अँटेनाऐवजी जोडतात त्या डमी लोडचाही एकास एकच असतो. तो म्हणजे डब्यातला रेझिस्टर. तापतो आणि गप्प बसतो. मित्राचा आवाजही मी रेडिओवर कधी ऐकलेला नाही.

अखेर इन्व्हर्टेड एल, म्हणजे उलट्या एलसारखी तार. फायबरग्लासच्या खांबावरून दहा मीटर वर, तिथून दहा मीटर आडवी, झाली पाव तरंगलांबी. कोणाची फांदी नको. फक्त खाली रेडिअल, म्हणजे खांबापासून जमिनीत चहूकडे पसरलेल्या तारा, हव्यात, नाहीतर अर्धी शक्ती माती तापवण्यात जाते. दोन सुट्ट्या मी गुडघ्यांवर बसून सोळा तारा गवताखाली पुरल्या. पाठ अजून सरळ होत नाही आणि घरात 'गांडुळांसाठी हीटर बसवतोय' हे वाक्य जे सुरू झालंय ते थांबायचं नाव घेत नाही.

काल रात्री आठला सेट लावला. अंधार पडला की आकाशातला, दिवसा या लहरी गिळणारा डी थर विरतो आणि हा बँड जागा होतो, ही सगळी रात्रीची कमाई. हेडफोनमध्ये मात्र नुसती गिरणी. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा नवावर चिकटलेला. काटा निळ्याला जरा खाली, तिन्ही रंगांना पुन्हा वर. ही सगळी अप्पांच्या माळांची करामत. त्यांचा स्वस्तातला अडॅप्टर फिल्टरशिवायच बनवलेला असणार. एवढी मापं घेऊन, एवढं खणून मी जो अँटेना उभारला त्यावर जगातलं सर्वात बलवान स्टेशन होतं अप्पांचं झाड. अंतर सहा मीटर. फाइव्ह-नाइन.

अकराला माळा विझल्या. काटा धपकन तीनवर आला आणि लांबून, समुद्राच्या गाजेसारख्या खरखरीतून, कोणीतरी हाक मारत होतं. मी ओ दिली. त्याला मी ऐकू आलो! आम्ही एकमेकांना आवाज कसा येतोय ते सांगितलं.

आज सकाळी अप्पा कुंपणाशी. "काल अकरानंतर तुझ्या खोलीत दिवा होता. लागला का कोणी?"

"लागला."

"इतका वेळ?"

काय सांगणार होतो? म्हणालो, "अकरापर्यंत जमत नाही, अप्पा. तुमच्या झाडाचे दिवे..."

"हां, विझवतो ना मी अकराला." त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "तुला अंधारात चाचपडावं लागत असेल. आजपासून रात्रभर चालूच ठेवतो."