‘रुपया देतो, सात पैसे मिळतात’ : हिशेब कुठे चुकतो

महाराष्ट्र दिल्लीला जीएसटीचा रुपया देतो, दिल्ली हातावर सात पैसे टेकवते आणि बाकीचे उत्तर प्रदेश-बिहारला वाटते, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. पुराव्यादाखल महिन्याच्या वसुलीचा तक्ता जोडलेला असतो : एप्रिल २०२५, महाराष्ट्र ४१,६४५ कोटी, देशात पहिला. आकडा खरा आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र एकेक करून तपासावे लागतात.

‘सगळा जीएसटी दिल्लीला जातो.’ नाही जात. पुण्यातल्या दुकानातून पंखा घेतला की बिलावर ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा) अशा दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीचा पैसा थेट राज्याच्या तिजोरीत जमा होतो, दिल्लीला जाऊन परत येत नाही. वरच्या ४१,६४५ कोटींत राज्याचा हा स्वतःचा पैसाही धरलेला आहे. तोही ‘दिल्लीला दिला’ म्हणायचं तर मग बोलणंच खुंटलं.

‘हे ४१,६४५ कोटी महाराष्ट्राच्या जनतेने भरले.’ मोठी गफलत इथे आहे. तक्त्यात कर कोणी सोसला हे दिसत नाही, तो कोणत्या राज्याच्या नोंदणीवर भरला गेला एवढंच दिसतं.

चाकणच्या कारखान्यातून एक मोटरसायकल पाटण्याच्या डीलरला १ लाखाला गेली असं समजू. राज्याबाहेरची विक्री, म्हणून १८ टक्के आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा, केंद्राने गोळा केलेला कर) : १८,००० रुपये. कारखान्याचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, त्यामुळे ही रक्कम महाराष्ट्राच्या खात्यावर दिसते. डीलरने ती गाडी गिऱ्हाइकाला १,१०,००० ला विकली. त्यावर कर १९,८००, म्हणजे केंद्राचे ९,९०० आणि बिहारचे ९,९००. डीलरकडे १८,००० चं क्रेडिट आहे, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेला कर, जो त्याला पुढच्या करातून वजा करता येतो. ९,९०० त्याने सीजीएसटीत वळवले, उरलेले ८,१०० एसजीएसटीत, आणि रोख भरले फक्त १,८००. आता केंद्र आयजीएसटीच्या खात्यातून ८,१०० बिहारला देतं. तो ना दानधर्म, ना महाराष्ट्राची लूट. पाटण्याच्या गिऱ्हाइकाने भरलेला कर त्याच्या राज्याला पोचला, इतकंच. वसुलीच्या तक्त्यात मात्र महाराष्ट्रापुढे १८,००० आणि बिहारपुढे १,८०० लागतात, आणि मजकूर लिहिणारा तेवढंच उचलतो.

याच्या उलटही घडतं. कारखान्याने पिंपरीच्या पुरवठादाराकडून ६०,००० चे सुटे भाग घेतले, त्यावर ५,४०० एसजीएसटी लागला. त्याचं क्रेडिट आयजीएसटी भरायला वापरलं की तेवढी रक्कम महाराष्ट्राला केंद्राकडे वळती करावी लागते. माल जिथे वापरला जातो तिथे कर, हे जीएसटीचं मूळ सूत्र आहे आणि उत्पादक राज्यांना ते टोचतं. आधी राज्याबाहेर गेलेल्या मालावर २ टक्के सीएसटी (केंद्रीय विक्रीकर) तरी मिळत होता, तो गेला. त्याच्या बदल्यात १ टक्का जादा कराची तरतूद घटनादुरुस्ती विधेयकात होती, तीही २०१६ मध्ये वगळली गेली. गाऱ्हाणं मांडायचं तर हे मांडा, त्यात दम आहे.

(खरा गळतीचा मुद्दा जीएसटीआर-३बी, म्हणजे विक्रेत्याने भरायच्या विवरणपत्राच्या ३.२ या तक्त्यात सापडतो. परराज्यातल्या बिगरनोंदणीकृत गिऱ्हाइकाला विकलेल्या मालाचं राज्य तिथे चुकलं, की त्या राज्याचा वाटा भलत्याच राज्यात जातो. यावर मजकूर कुणी फिरवत नाही.)

‘सात पैसे’ आले कुठून? या भागाकारात वरच्या बाजूला फक्त वित्त आयोगाच्या (केंद्रीय करांचं राज्यांत वाटप सुचवणाऱ्या आयोगाच्या) सूत्राने मिळणारा केंद्रीय करांतला वाटा घेतात आणि खालच्या बाजूला कंपनीकर, प्राप्तिकर, जीएसटी सगळं घालतात. स्टेट बँक आणि एलआयसी यांची मुख्यालयं मुंबईत आहेत, पण त्यांचा नफा देशभरातला. कर मुंबईत भरला म्हणून तो सगळा महाराष्ट्राने कमावला असं होत नाही.

आता वाट्याचं गणित. २०२१ ते २०२६ साठी १५ व्या वित्त आयोगाने वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना दिले, त्यांत महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. म्हणजे वाटपयोग्य करांच्या दर १०० रुपयांमागे महाराष्ट्राला सुमारे २ रुपये ५९ पैसे, बिहारला ४ रुपये १२ पैसे, उत्तर प्रदेशला ७ रुपये ३६ पैसे. तफावत होतीच, आणि ती जाणूनबुजून ठेवलेली होती : त्या सूत्रात ४५ टक्के वजन दरडोई उत्पन्नातल्या अंतराला होतं, करवसुलीच्या कामगिरीला जेमतेम २.५ टक्के. अशी वजनं बदला असं म्हणता येतं. शिवाय केंद्राचे उपकर आणि अधिभार या वाटपात येतच नाहीत, त्यामुळे ४१ टक्के हे एकूण वसुलीचे ४१ टक्के नव्हेत. दिल्लीला जाब विचारायची जागा ही आहे. यातल्या कशाचाही एसजीएसटीशी संबंध नाही.

‘परिषदेत राज्यांना कोण विचारतं?’ जीएसटीचे दर आणि नियम ठरवणाऱ्या, केंद्र व राज्यांच्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एकतृतीयांश, राज्यांचं मिळून दोनतृतीयांश, आणि ठरावाला तीनचतुर्थांश हवेत. केंद्र विरोधात गेलं की ठराव पडतो, हे खरं. पण दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर धरून ३१ जण हजर असतील तर केंद्रालाही सोबत २० जण लागतात, आणि १२ जणांनी एकजूट केली तर केंद्राचा ठराव अडतो. या मोजणीत गोवा आणि महाराष्ट्र यांचं वजन सारखंच. प्रत्यक्षात बहुतेक निर्णय एकमताने होत आले. पहिल्यांदा मतदान झालं ते डिसेंबर २०१९ मध्ये, तेही लॉटरीच्या तिकिटावर किती कर लावायचा यावर.